सर सध्या कशावर आहेत?

परभणीत दोन माणसं भेटली की आधी पावसाची चौकशी होते, मग सोयाबीनच्या भावाची. सर भेटले की मात्र एकच प्रश्न: “सर, सध्या कशावर आहात?” विचारणाऱ्याला घाई नसावी. सर आधी गेल्या वेळचं डाएट कुठं फसलं ते सांगतात, नव्या डाएटचा नंबर त्यानंतर. तो येईपर्यंत हॉटेलवाल्यानं न सांगता दोन हाफ चहा आणि प्लेटभर भजे समोर ठेवलेले असतात.

सर म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. वसमत रोडला एक सर आहेत, जिंतूर रोडला दोन, गंगाखेडला बँकेत एक, आणि सेलूच्या सरांचं तर कापडाचं दुकान आहे. वय चाळिशीपुढं, प्लॉट घेऊन झालेला, मुलगा लातूरला नीटच्या क्लासला. मिळवायचं ते सगळं मिळालं की माणसाला काहीतरी घालवायचं सुचतं, आणि सरांकडं घालवण्याजोगं वजनच तेवढं असतं.

ते वजन घरच्या काट्यावर करणं सरांना पटत नाही. तो काटा ‘चायनाचा’ आहे. म्हणून ते मोंढ्यात ओळखीच्या आडतीवर जातात. हमाल पोतं बाजूला सारतो, सर चढतात, आकडा ब्याण्णव येतो. “हे बूट, पाकीट, मोबाइल धरून हाय बरं का,” सर म्हणतात. आडत्या दिलदार. “सर, बारा टक्क्यांच्या वर ओलावा असंल तर घट धरून देऊ की!” सर हसतात, पण घट धरतात. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगताना नव्वदच सांगतात.

सरांचं ज्ञान मात्र अस्सल आहे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी, म्हणजे साडेपस्तीस इंच, हे त्यांना तोंडपाठ आहे. हा आकडा ते नेहमी समोरच्याच्या कमरेकडं बघून सांगतात.

सरांच्या डाएटला खरा बहर आला तो २०१८ च्या सुमारास. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित गावोगाव व्याख्यानं देत होते, नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढं नेत होते: खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा, मधे काही नाही, रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. राज्य सरकारनं त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा केलं. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर: तूप खा, भात खा, केळं खा, आपल्या मातीतलं खा आणि थोडं थोडं दर दोन तासांनी खा. अख्खा महाराष्ट्र दोन तटांत विभागला. घराघरांत सासू एका पक्षात आणि सून दुसऱ्या. सर अर्थातच दीक्षितांच्या बाजूनं गेले, कारण लातूर आपलं आणि मुंबई लांब.

दीक्षितांची पद्धत सुरू करण्याआधी रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासून घ्यायचं असतं. सरांनी ते पुढं ढकललं. “सुईचं भ्या नाही, पण रिपोर्ट आला की मग त्याच्यासारखं वागावं लागतं,” हे त्यांचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं. ५५ मिनिटं मात्र सरांनी प्राणपणानं जपली. मानवतला एका लग्नात पंगतीला बसल्या बसल्या त्यांनी नकळत लोणच्याला बोट लावलं आणि घड्याळ सुरू झालं. अक्षदांना उशीर, नवरदेव अजून डीजेपुढं. पुऱ्या आल्या तेव्हा बाविसावं मिनिट होतं. वांग्याची भाजी, वरण, भात असं करता करता बुंदीचं घमेलं सरांपुढं आलं ते सत्तावन्नाव्या मिनिटाला. सरांनी वाढप्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, “हे घड्याळ लई दिवस झाले पुढं पळायलंय.”

पुढं एका वऱ्हाडात कोणीतरी त्यांना दिवेकरांच्या तुपाची आठवण करून दिली आणि सरांनी पक्ष बदलला. बदलताना जुन्या पक्षातलं मात्र काही सोडलं नाही. इथंच सरांची मौलिक भर आहे. प्रत्येक आहारपद्धतीत काही मनाई असते आणि काही सूट. सरांनी सगळ्या पद्धतींतल्या सवलती एकत्र केल्या. दीक्षितांकडून भरपेट दोन जेवणं घेतली. दिवेकरांकडून दर दोन तासांनी खाणं आणि तूप घेतलं. पिष्टमय पदार्थ टाळणाऱ्या किटोकडून पनीर आणि लोणी. जनरल मोटर्सच्या नावानं जे सात दिवसांचं डाएट फिरतं, त्यात चौथ्या दिवशी केळी आणि दूध चालतं. अर्धापूरची केळी आपल्याकडं स्वस्त, म्हणून सरांनी आठवडाभर चौथाच दिवस पाळला. कोबीचं सूप असलेल्या दिवसांबद्दल विचारलं तर म्हणाले, “आपल्याकडं उन्हाळ्यात कोबीला चव नसते.”

त्याच २०१८ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६०९ जाड माणसांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी पिष्टमय. वर्षाअखेर दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोंनी उतरलं, आणि दोन गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. प्रत्येक गटात मात्र कोणी पंचवीस किलो घटवलं, तर कोणाचं उलट वाढलं. म्हणजे पद्धत कोणतीही चालते, ती आपल्याला वर्षभर झेपली पाहिजे, असं डॉक्टर लोक साधारणपणे सांगतात. मी हे सरांना सांगितलं. सर गंभीर झाले. “म्हणजे दोन्ही बरोबर हायेत. मग दोन्ही एकदम करायला काय हरकत?” आणि जरा थांबून, “काही जणांचं वाढतंच, हे तर त्यांनीच लिवलंय ना?”

डाएटचं हे खूळ काही आजचं नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. अंत्यविधीची व्यवस्था लावण्याचा धंदा. जाडी अशी, की जिना पाठमोरा उतरावा लागे. ब्रेड, साखर, बटाटे आणि बिअर सोडून ते बारीक झाले आणि १८६३ साली पदरचे पैसे घालून त्यांनी त्यावर पुस्तिका छापली, लोकांना फुकट वाटली. सरांच्या घराण्याचे मूळ पुरुष ते हेच. फरक एवढाच, की बँटिंग आधी बारीक झाले आणि मग बोलले.

किटोच्या काळात सरांनी भाकरी सोडली होती. कुठं, तर परभणीत! ज्या गावच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’ ज्वारी दिली, लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ दिली, त्या विद्यापीठाच्या आवारात रोज सकाळी फिरायला जाऊन सर सोबत्यांना सांगत, “ज्वारी म्हणजे नुसती साखर!” मग २०२३ आलं. संयुक्त राष्ट्रांनी ते भरडधान्य वर्ष जाहीर केलेलं. सरांनी बंगळुरूच्या एका कंपनीकडून ज्वारीचे पोहे मागवले, चकचकीत पाकिटात, भाव किलोला बदामाच्या शेजारचा. सरांच्या आईनं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. “लेकरा, आपल्या घरी कणगीत काय हाय मग?” सर म्हणाले, “माय, ती ज्वारी. हे मिलेट हाय.” म्हातारी काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं कणगीतल्याच पिठाची भाकरी, जवसाची चटणी आणि कांदा पुढं केला. सरांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि वर वाटीभर मिलेट.

खरं सांगायचं तर सरांचा खाण्यावरचा ताबा काही वाईट नाही. सुटतो तो भिडेवरचा. त्यांचा दिवस बघा. शाळेत एका बाईंच्या मुलाला नोकरी लागली, पेढा. तहसीलला काम, तिथं चहा, तोही ‘सर आलेत’ म्हणून स्पेशल. संध्याकाळी कोणाची वास्तुशांत, कोणाचं बारसं. पौषात शेतावर हुरडा, आणि हुरड्याला ‘पुरे’ म्हणणारा माणूस मराठवाड्यात जन्मायचाय. नाही म्हटलं तर यजमान विचारतो, “कामून सर, काही चुकलं का आमचं?” या एका वाक्यापुढं पंचावन्न मिनिटंही टिकत नाहीत आणि किटोही. मुंबईच्या माणसाला डबा एकट्यानं उघडता येतो, म्हणून त्याला डाएटची निवड करता येते. सरांच्या ताटात वाढणारे हात दुसऱ्यांचे. सरांना लागू पडेल असं डाएट म्हणजे ‘नको’ म्हणायचं डाएट, आणि त्यावर अजून कोणी पुस्तक काढलेलं नाही.

त्यात २०२३ च्या अधिक श्रावणात सासुरवाडीनं धोंड्याला बोलावलं. जावयाला ताटात ३३ अनारसे. सरांनी सासूबाईंना सांगून पाहिलं की मी सध्या मैदा, साखर, गूळ बंद केलंय. सासूबाई म्हणाल्या, “हो का? बरं केलंत. हे तांदळाचे आहेत.” गूळ कुठं गेला ते सरांनी विचारलं नाही. परत येताना गाडीत ते फक्त एवढंच म्हणाले, की पुढचा धोंडा तीन वर्षांनी हाय, तोपर्यंत उतरवू.

सरांच्या सगळ्या प्रयोगांची एकमेव विश्वासार्ह नोंद त्यांच्या शिंप्याकडं आहे. तो दर दिवाळीला वहीत कंबर लिहून ठेवतो. दीक्षितांच्या वर्षी अडतीस, तुपाच्या वर्षी एकोणचाळीस, मिलेटच्या वर्षी चाळीस. यंदा सर कापड घेऊन गेले आणि टेप लावू देण्याआधीच म्हणाले, “अडतीसची शिव. नवीन चालू केलंय आता, सोळा तास उपाशी राहायचं.”

“बाकीचे आठ तास?” शिंप्यानं विचारलं.

“आठ तास मोकळे.”

शिंप्यानं वहीत अडतीस लिहिलं, एकेचाळीसची कापली आणि आतून दोन इंच माया सोडली.