वाऱ्याची भाऊबंदकी

मुंबई बंदरात हंगामात सुट्टीच्या दिवशी दुपारी शिडाच्या होड्यांच्या शर्यती चालतात. गेटवेवर फोटो काढून घेणाऱ्यांना त्या दिसतातही. लांबवर दहा-पंधरा पांढरी शिडं तिरकी होऊन संथपणे इकडून तिकडे जात असतात आणि बघणारा म्हणतो, काय निवांत छंद असतात बघा लोकांना! त्या घटकेला त्या शिडांखाली सुशिक्षित, वयस्कर, एरवी दुसऱ्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवणारी माणसं घसा फाडून एकमेकांवर ओरडत असतात. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असतो म्हणून गेटवेवर ऐकू येत नाही, एवढंच.

मी या भानगडीत पडलो ते डॉक्टर 'रोज चाला' म्हणू लागतात त्या वयात. दोर ओढणं, शिडाखालची आडवी बूम फिरली की मान खाली घालणं, होडी कलली की उंच बाजूला जाऊन बसणं हे हातापायांचं शिक्षण. ते पाठीला उसण भरेपर्यंत केलं की येतं. डावपेच हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. आमचे स्किपर निवृत्त बँकवाले. धक्क्यावर ते मला 'अहो' म्हणतात, होडी सुटली की 'अरे' आणि बोया जवळ आला की नुसतंच 'ए'. त्यांचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं : "होडीत काय बघताय, बाहेर बघा!"

बाहेर बघायचं म्हणजे काय बघायचं? तर वारा. आणि वारा तर दिसत नाही. पाण्यावर काळपट खवले उठले की तिथे वारा आहे असं समजायचं, नांगरलेल्या जहाजाच्या निशाणाकडे बघायचं, दुसऱ्याची होडी अचानक कलली की तिला काय मिळालं ते ताडायचं. जवळचा पुरावा म्हणजे पुढच्या शिडाला दोन्ही अंगांनी चिकटवलेले लोकरीचे दोरे. वीतभर लांबीचे, स्वेटर उसवून काढल्यासारखे. दोन्ही दोरे मागे सरळ आडवे ताणले गेले की होडी बरोबर चालली आहे. वाऱ्याकडचा दोरा फडफडून वर उठायला लागला, तर तुम्ही वाऱ्याच्या फार तोंडात घुसला आहात. पलीकडचा गळाठला, तर फार लांब पडला आहात. लाखो रुपयांची होडी आणि तिचा कारभार दोन लोकरीच्या धाग्यांवर. मला या खेळात सगळ्यात आधी आवडले ते हे धागे.

शर्यतीतला पहिला बोया मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर टाकतात. आणि शिडाची होडी नेमकी तिकडेच सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून आधी एका अंगाला जायचं, मग वळून दुसऱ्या अंगाला. याला टॅक घेणं म्हणतात. त्यामुळे समोर दिसणाऱ्या बोयाकडे पाठ फिरवल्यासारखी करून सगळ्या होड्या निघतात. काही डावीकडे, काही उजवीकडे. कोण पुढे आहे हे नवख्याला अजिबात कळत नाही. पुष्कळदा जो मागे पडलेला वाटतो तोच पुढे असतो. त्यात वाराही एका दिशेने येत नाही. तो पाच-दहा अंश इकडे-तिकडे झुलत असतो. त्याने तुमच्या होडीचं नाक बोयापासून दूर ढकललं की ताबडतोब टॅक घ्यायचा. तोच वारा आता दुसऱ्या अंगाला तुमच्या फायद्याचा ठरतो. ऐकायला सोपं आहे. फक्त वारा झुलला, की झुळूक तेवढी आली आणि गेली, हे ठरवायला सात-आठ सेकंद मिळतात आणि त्या वेळी कोणीतरी "स्टारबोर्ड!" म्हणून ओरडत असतो.

या ओरडण्यालाही कायदा आहे. स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू. नियम 10 : ज्याला उजवीकडून वारा लागतो आहे त्याचा मान पहिला, डावीकडून वारा घेणाऱ्याने वाट सोडायची. दोघांचाही वारा एकाच अंगाचा असेल, तर वाऱ्याकडच्याने पलीकडच्याला जागा द्यायची. आणि बोयापासून होडीच्या तीन लांब्यांच्या आत आलात, की आतल्या बाजूला अडकलेली होडी "रूम!" म्हणून ओरडते आणि बाहेरच्याला ती द्यावी लागते. मुंबईत रूम मागितल्याबरोबर मिळते अशी ही एकमेव जागा असावी. घारापुरीच्या लाँचला मात्र यातलं काही लागू नाही. ती आपल्या वेळापत्रकाने नाकासमोर येते, वरच्या डेकवरची मंडळी वेफर्स खात हात हलवतात आणि तिच्या लाटांनी आपल्या शिडातला होता-नव्हता तेवढा वारा सांडून जातो.

शर्यत सुटण्याच्या आधीची पाच मिनिटं हा या खेळाचा अर्क आहे. शर्यत समितीची होडी आणि एक बोया यांच्यामध्ये एक रेघ मानायची. पाच मिनिटांचं निशाण चढतं, चारला दुसरं, एक मिनिट उरलं की ते दुसरं उतरतं. होडीला ब्रेक नसतो, त्यामुळे कुणालाच रेघेवर जाऊन उभं राहता येत नाही. सगळे घिरट्या घालतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला लवकर ढकलून स्वतः शून्याच्या ठोक्याला पोहोचायला बघतो. रेघ वाऱ्याला तंतोतंत काटकोनात कधीच नसते, म्हणून तिचं एक टोक फायद्याचं असतं. ते सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे तिथे चेंगराचेंगरी होते आणि फायदा कुणालाच मिळत नाही. नवख्याने रेघेच्या मध्यावरून, मोकळ्या वाऱ्यात निघावं, असं जाणती माणसं सांगतात. हा सल्ला मी मनापासून मानतो. त्यात फायद्यापेक्षा शांतता जास्त आहे.

कारण खरा डाव पुढे आहे. शिडाच्या मागे वारा खराब होतो, भोवरे पडतात. म्हणजे मागच्याला हरवायला तुम्हाला जोरात पळावं लागतंच असं नाही. त्याच्या वाऱ्यात जाऊन उभं राहिलं तरी पुरतं. तो वळला की तुम्ही वळायचं, तो परत वळला की तुम्ही परत. इंग्रजीत याला कव्हर करणं म्हणतात. आपल्याकडे हे शास्त्र भाऊबंदकी या नावाने पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे : माझं भलं झालं नाही तरी चालेल, त्याच्या दारात ऊन पडता कामा नये. बांधावरून कोर्टात गेलेल्या घराण्यातला माणूस हा डाव पहिल्याच हंगामात शिकतो, असं माझं निरीक्षण आहे.

आणि तो डाव सोडला तर काय होतं, त्याचा दाखला न्यूपोर्टचा आहे. शिडाच्या होड्यांचा अमेरिकाज कप 1851 पासून अमेरिकनांकडे होता. 1983 साली सात शर्यतींच्या सामन्यात तीन-तीन बरोबरी झाली. शेवटच्या शर्यतीत डेनिस कॉनरची 'लिबर्टी' एका टप्प्यावर 57 सेकंदांनी पुढे होती. पुढचा टप्पा वाऱ्याबरोबर जायचा होता. तिथे 'ऑस्ट्रेलिया टू' आपल्या वाटेने गेली, कॉनरने तिला जाऊ दिलं, आणि तिला बरा वारा सापडला. ती पुढे निघाली. मग शेवटच्या टप्प्यात कॉनरने सत्तेचाळीस वेळा टॅक घेतला. 'ऑस्ट्रेलिया टू'च्या जॉन बर्ट्रांडने एकदाही हयगय केली नाही. प्रत्येक वेळी कॉनरच्या वाऱ्यावर जाऊन उभा. 41 सेकंदांनी ऑस्ट्रेलिया जिंकली आणि 132 वर्षांनी कप देशाबाहेर गेला. मला यात कॉनरची दया येते. तो मागच्याच्या वाटेत न येता आपल्या वाटेने चांगला चालला होता. नेमकी तीच चूक.

आपल्या पाण्यात आणखी एक भाऊबंद असतो, तो म्हणजे भरती-ओहोटी. वाऱ्याने जेवढं पुढे नेलं, तेवढं पाणी मागे आणतं. उधाणाच्या दिवशी मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती येते आणि एवढं पाणी बंदरात शिरताना, बाहेर पडताना होडीला विचारत नाही. ओढ उलटी असेल तर उथळाकडून जायचं, कारण तिथे पाणी सावकाश वाहतं. ओढ सोबत असेल तर खोल पाणी धरायचं. शर्यतीला जाताना बहुतेक जण मोबाइलवर तक्ता बघतात. मी कोळ्यांचा हिशेब वापरतो : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडंफार इकडे-तिकडे. पण आमचे वारेच तेवढे वक्तशीर कुठे आहेत? सकाळचा मतलई वारा जमिनीवरून येतो आणि दुपारी खारा वारा समुद्रावरून उठतो. या दोघांच्या मधला तास वाऱ्याशिवाय जातो आणि त्यात शर्यत सापडली तर होड्या नुसत्या तोंडं फिरवून उभ्या राहतात.

बंदराबाहेर दक्षिणेला खांदेरीचं बेट आहे. 1679 साली मराठ्यांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं पहाऱ्याला उभी होती. वारा पडला की ती जागच्या जागी खिळायची आणि मराठी आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याच्या लहान होड्या रात्री वल्ही मारत त्यांच्या नाकाखालून सामान घेऊन बेटावर पोहोचायच्या. सुरेख डाव. आजच्या शर्यतीत तो नियम 42 मध्ये अडकला असता : शिडाखेरीज दुसऱ्या जोराने होडी पुढे नेणं मना. वल्हं तर सोडाच, शीड उगीच पंख्यासारखं हलवलं तरी दंड.

दंडाची गोष्ट मला या खेळात सगळ्यात चमत्कारिक वाटते. पाण्यावर साधारणपणे पंच नसतो. तुम्ही बोयाला धक्का लावला, तर तुम्हीच बाजूला होऊन होडीची एक गिरकी घ्यायची. कुणाची वाट अडवली, तर दोन गिरक्या. कोणी बघत नसलं तरी. आत्ता दुसऱ्याचा वारा खाण्यासाठी जिवाचं रान करणारा माणूस पुढच्या क्षणी आपणहून गोल गोल फिरताना दिसतो आणि चार नंबर घालवून परत शर्यतीत येतो. ज्यांना आपली चूक पटत नाही, त्यांचं प्रकरण संध्याकाळी टेबलावर जातं. बोटभर लांबीच्या खेळातल्या होड्या मांडून दोघे आपली बाजू सांगतात. "मी इथे होतो," म्हणून एक जण होडी सरकवतो, "छे, इथे," म्हणून दुसरा ती अर्धा इंच मागे घेतो. अर्ध्या इंचावर अर्धा तास जातो. मग निकाल लागतो आणि दोघे चहा प्यायला एकत्रच जातात. बांधावरच्या भाऊबंदांना हा शेवटचा भाग अजून जमलेला नाही.

याच बंदरात 1982 च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती झाल्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात भारताला सुवर्ण मिळवून दिलं. एंटरप्राइझ वर्गात पाकिस्तानचे बैराम आणि गोश्पी आवारी जिंकले. ते नवरा-बायको होते. सुकाणू एकाच्या हातात आणि सल्ला दुसऱ्याच्या तोंडात, अशा स्थितीत सुवर्णपदक. ज्याने शेजारी बायकोला बसवून गाडी पार्क केली आहे, त्याला या पदकाचं खरं वजन कळेल.

हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि पुढच्या पावसाच्या आत होड्या वर ओढतात. क्रूची टंचाई बारमाही असते, कारण दोर ओढायला माणूस लागतो आणि ओरडून घ्यायला कोणी तयार नसतं. पोहता येत असेल, लाइफ जॅकेट घालायला लाज वाटत नसेल आणि 'ए' म्हटल्यावर राग येत नसेल, तर जेवण आटोपून एखाद्या सेलिंग क्लबाच्या धक्क्यावर जा आणि कुणाला माणूस हवा आहे का, एवढं विचारा. टोपीला मात्र दोरी बांधून न्या.