टाकीचं सोवळं

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या माडीवर मालकांचं बिऱ्हाड आहे आणि दिवाणखान्यात समुद्र. अडीचशे लिटरचा. सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो; समुद्राला मात्र रोज ताजं आरओचं पाणी. एक लिटर गाळताना तीन लिटर गटारात जातं. त्यागाशिवाय शुद्धता कुठली?

फॉस्फेट वाढलं की काचेवर शेवाळ धरतं आणि प्रवाळाची वाढ खुंटते. म्हणून मालक देवपूजेआधी कुपीत थेंब टाकून रंग निरखतात. ०.०३ पीपीएम आलं तरच चहा. कुपी गडद निळी दिसली, की घरात सुतक. गोठवलेली कोळंबीसुद्धा चाळणीत तीनदा आंघोळ करूनच आत जाते.

शहराच्या नळाला पाणी देणाऱ्या उजनीत पुण्या-पिंपरीचं सांडपाणी उतरतं, शेवाळही दाटतं. पण धरणात प्रवाळ नसल्याने काळजीचं कारण नाही.

परवा मागावरचा एक कामगार खालच्या पिंपातलं पाणी पिऊन आडवा झाला. मालक कुपी घेऊन स्वतः जिना उतरले. नमुना गडद निळा! तासाभरात पिंपावर पाटी लागली: ‘हे पाणी माशांच्या टाकीत घालू नये.’