शेजारधर्म
नागरिकशास्त्राचा तास रटाळ वाटत असेल, तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली राज्यसूची वाचावी. चौथ्या क्रमांकावर तुरुंग, पाचव्यावर स्थानिक स्वराज्य, सहाव्यावर सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं, सातव्यावर तीर्थयात्रा, आठव्यावर मद्य, दहाव्यावर दफन-दहन. घटनाकारांनी विषय मांडले की पुढाऱ्याचं चरित्र लिहिलं, कळत नाही. तुरुंग आणि पालिका तर भिंतीला भिंत लावून! अटक होताच साहेबांच्या छातीत कळ येते, ती चारवरून थेट सहावर जाण्यासाठी. पाचव्या नोंदीचं विचाराल, तर मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६मध्ये झाली. तोवर कारभार प्रशासकाकडे. जवळपास चार वर्षं लोकप्रतिनिधी नव्हते. करवसुली मात्र एक दिवसही थांबली नाही.