पोचा आला तर आला

वहिनी, झालं का कव्हर घालून? मी मघापासून इकडे कढीपत्ता तोडतेय आणि भिंतीवरून बघतेय. आधी मऊ फडकं, मग ते पिसांचं झाडणं, मग कव्हर, मग कव्हरच्या नाड्या. तुमच्या ह्यांनी गाडीला पार बाळंतिणीसारखं गुंडाळलंय. आणि सकाळी गेली कुठे होती म्हणे? घरडा सर्कलपर्यंत. इडलीचं पीठ आणायला.

रागावू नका हं. गाडी देखणीच आहे. ते वरचं काचेचं छप्परही बघितलं मी, तुम्ही पेढे द्यायला आलात तेव्हा. पण रात्री दोनला मांजर बॉनेटवर उडी मारतं, तुमचा अलार्म कोकलायला लागतो आणि अख्खं मिलापनगर उठून बसतं. मग तेच मांजर भिंत ओलांडून आमच्या गाडीवर येऊन झोपतं. त्याला कळतं, कुठल्या दारात आपल्याला कुणी काही म्हणणार नाही.

हो, तीच. 2004 ची मारुती 800. शाळेतून निवृत्त झाल्यावर घेतली. तिचे मालक कायमचे पुण्याला मुलाकडे निघाले होते, त्यांना ती काढायचीच होती. आमच्या जावईबापूंच्या मोबाइलला तिच्यापेक्षा जास्त पैसे पडलेत, हे मी त्यांना बोलून दाखवत नाही, तुम्हालाच सांगतेय. आणि गंमत बघा. डिसेंबर 1983 मध्ये दिल्लीत इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या 800 ची किल्ली दिली गेली, तेव्हा ती नवीकोरी पन्नास हजारांच्या आतबाहेर मिळत होती. चाळीस वर्षं उलटली. आज चांगल्यातली जुनी घ्यायला जा, साधारण तेवढ्यालाच मिळते. सोनं कुठल्या कुठे गेलं, वडापाव कुठे गेला, पण ही आपली जागा सोडत नाही.

तुमची पंधरा लाखांची ना? म्हणजे शोरूमची किंमत. आपल्याकडे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला बारा टक्के रोड टॅक्स. झाले एक लाख ऐंशी हजार. वहिनी, तेवढ्यात माझ्यासारख्या तीन गाड्या दारात उभ्या राहतात! शिवाय विमेवाल्यांचा तक्ता असतो एक. सहा महिने झाले की किमतीतून 15 टक्के वजा, वर्ष झालं की 20, आणि चार वर्षं उलटली की गाडी निम्म्यावर. तुम्ही नुसती कव्हरखाली उभी करून ठेवलीत तरी ती झिजतेच आहे, कागदावर. माझीचं काय कमी व्हायचं? जे व्हायचं ते आधीच्या मालकाच्या वेळी होऊन गेलं. मी फक्त थर्ड पार्टी विमा भरते. हजार सीसीच्या आतल्या गाडीला 2,094 रुपये, वर जीएसटी. एवढं भरलं की वर्षभर विम्याचं नाव काढायला नको.

पण पैशाचं सोडा. पैसे वाचतात म्हणून मी ती चालवते असं आमच्या ह्यांना वाटतं, आणि वाटू दे. खरी मजा वेगळी आहे. त्या गाडीला कुणी काही केलं तर मला काही होत नाही! मागच्या गल्लीतले ते इंजिनिअर काका नाहीत का, त्यांनी दसऱ्याला नवी घेतली. तेव्हापासून ते फडके रोडला रिक्षाने जातात. गाडी घरात, मालक रिक्षात. का, तर तिथे पार्किंगला जागा नाही, आणि मिळाली तर स्कूटरवाले हँडल घासून जातात. मध्ये एकदा त्यांच्या दाराला बोटभर चरा दिसला. झालं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो, लाल रंगात गोल करून. मग दोन दिवस सीसीटीव्हीचं चित्रण बघणं चाललं होतं. पेपर टाकणाऱ्या मुलाला बोलावून विचारलं, दूधवाल्याला विचारलं. शेवटी निघालं काय? त्यांच्याच नातवाची सायकल. आता नातू सायकल चालवत नाही. त्याला काय शिक्षा, आणि कशाबद्दल?

माझ्या गाडीच्या डाव्या दाराला पोचा आहे, मागच्या बंपरला आहे, डिकीचं झाकण हातानं दाबून लावावं लागतं. नवा पोचा आला तर आधीच्यांत बसून जातो. मी उतरते, बघते, दार उघडतंय ना, दिवा लागतोय ना, एवढं पाहून पुढे जाते. समोरचा रिक्षावाला भांडायच्या तयारीत असतो, तो बिचारा गांगरतो. आणि एक सांगू? रिक्षावाले मला वाट देतात. मानपाडा रोडला संध्याकाळी सातला बघा तुम्ही. तुमच्या गाडीच्या नाकापुढे ते चाक घालतात, कारण तुमचे हे ब्रेक मारणार हे त्यांना पक्कं ठाऊक. माझ्या गाडीकडे एकदा नजर टाकतात आणि विचार करतात, ही बाई काही थांबायची नाही, हिचं काय जाणार?

लांबीही बघा ना. पुरते साडेतीन मीटरही नाही, रुंदी दीड मीटरच्या आत. दोन बुलेटच्या मध्ये उरलेल्या जागेत जाते. ठाण्याला गोखले रोडला, राम मारुती रोडला खरेदीला गेलं की मोठ्या गाडीवाले तीन तीन फेऱ्या मारतात, मी तोवर साडीचा फॉल बघत असते. परवा तिथल्याच एका लग्नाच्या हॉलवर गाडी लावून देणारा मुलगा होता, किल्ली हातात घेऊन चाचपडत बसला, म्हणे मॅडम, स्टार्टचं बटण कुठंय. नातीने हसून हसून पुरेवाट केली त्याची. तिलाही पहिल्यांदा खिडकीचं हँडल दाखवलं तेव्हा ती अर्धा तास नुसती काच वर-खाली करत होती.

आणि आपल्या डोंबिवली एमआयडीसीत, केमिकल कंपन्यांच्या शेजारी राहून रंगाची काळजी करायची म्हणजे कमालच! 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता, आठवतो? 2020 मध्ये तर रस्ताच गुलाबी झाला, मुख्यमंत्री बघायला आले. इथे गाडीवर सिरॅमिक कोटिंग करून घ्यायचं आणि वर हवेकडे बघत बसायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.

आमचे मोठे दीर प्रीमिअरमध्ये होते, माहितीये ना? कुर्ल्याला पद्मिनी बनायची. वालचंद हिराचंदांची कंपनी. आणि इथे आपल्या कल्याण-शिळ रोडवर, आता सभा होतात त्या प्रीमिअर मैदानाच्या अंगाला, दुसरा कारखाना. तिथे 1994 पासून चक्क फ्रेंच प्यूजो 309 तयार होत होती. डोंबिवलीत फ्रेंच गाडी! दीर सांगायचे, लोक गेटबाहेर उभे राहून बघायचे. 1997 मध्ये सगळं आटोपलं. ज्यांनी हौसेने घेतली त्यांनी पुढे एकेका पार्टसाठी वणवण केली. दीर तेव्हापासून एकच सांगत आले, गाडी घ्या ती गल्लीतल्या मिस्त्रीला येणारी. म्हणून माझी 800. जानेवारी 2014 मध्ये कारखान्यातून शेवटची निघाली, तरी क्लच प्लेट म्हणा, फॅन बेल्ट म्हणा, कुठेही विचारा, दुकानदार वर न बघता काढून देतो. नाहीच मिळालं तर कुर्ल्याला सीएसटी रोडला जुन्यातलं मिळतं. आमचा गॅरेजवाला आवाज ऐकून सांगतो काय बिघडलंय. तुमच्या गाडीला तर आधी कॉम्प्युटर लावतात आणि मग तो कॉम्प्युटर काय सांगतो ते तुम्हाला सांगत नाहीत.

नाही नाही, सगळं गोडच आहे असं नाही. एसी चढणीला बंद करावा लागतो, पत्रीपूल चढताना मी तो आधीच बंद करते. पावसात पायाशी ओल येते, दाराचं रबर म्हातारं झालंय. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं, त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात म्हणून गॅरेजवाल्याने त्या बदलून घ्यायला लावल्या. पाणी साचलं असेल तर मी गाडी घालतच नाही. इंजिनाने हवेच्या वाटेने पाणी ओढलं की जुनं काय नि नवं काय, दोन्ही बसतात.

आणि एअरबॅग नाही, एबीएस नाही, हे मी विसरत नाही. गावातल्या गावात, फार तर ठाण्यापर्यंत, तीस-चाळीसच्या वेगाने ठीक आहे. घोडबंदरला कंटेनरांच्या मध्ये किंवा पुण्याच्या एक्सप्रेसवेला मी ही गाडी नेणार नाही. नातीला घेऊन तर मुळीच नाही. तेव्हा मी तुमच्या ह्यांनाच हाक मारणार, आधीच सांगून ठेवते. तुमची गाडी त्यासाठी आहे, लांब जायला. पीठ आणायला नाही.

पीयूसी मात्र मी वेळेवर काढते. जुनी गाडी धूर सोडत हिंडवायची आणि वर स्वस्तात पडते म्हणून मिरवायचं, हे मला आवडत नाही. धूर काळा आला तर त्या दिवशी गाडी गॅरेजला, मी केडीएमटीच्या बसला.

काय म्हणालात? भंगारात घालावी लागत नाही का? तुमच्या दिल्लीच्या नणंदेने सांगितलं असेल. दिल्लीकडे तसा नियम आला, पेट्रोलला पंधरा वर्षं, डिझेलला दहा. आपल्याकडे खासगी गाडीला तसं नाही. मुंबईच्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, म्हणून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, पेपरात फोटो आले होते बघा. आपल्या गाडीचं पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करायचं, मग दर पाच वर्षांनी. या गाडीचं पहिलं 2019 मध्ये झालं. तेव्हा फी सहाशे होती आणि पर्यावरण कर तीन हजार. 2022 मध्ये सरकारने सहाशेचे पाच हजार केले. आता वीस वर्षांपुढच्या गाडीला दहा हजार झालेत. हे महाग वाटतं मला, खोटं कशाला बोलू. पण पाच वर्षांत वाटले तर महिन्याला दोनशेच्याही आत. तुमचं गाडी धुण्याचं शांपू त्याहून महाग आहे.

मध्ये ती नवी नंबरप्लेटही लावून घेतली, 745 रुपये आणि वर कर. एमएच 05 काय चमकतंय! बाकी गाडीकडे बघितलं की वाटतं, नंबरप्लेटला गाडी नंतर बसवलीय.

आणि चोर? वहिनी, मी किल्ली गाडीत विसरून भाजी घेऊन आलेय, दोनदा नव्हे, बऱ्याचदा. परत आले तेव्हा गाडी तिथेच. भाजीवाली म्हणाली, बाई, कुणी बघत पण नव्हतं.

मुलाकडची माणसं काय म्हणतील? तुमच्या मुलीसाठी बघताय म्हणून विचारताय का? आमच्याकडे आले होते ना मागे, धाकटीला बघायला. त्यांतल्या एका मामांनी चहा पिताना खिडकीतून बोट केलं, ही कुणाची? मी म्हटलं माझी. ते गप्प बसले. लग्न ठरलं, आणि आता तेच मामा विचारतात, ताई, विकायची झाली तर आधी आम्हाला सांगा. त्यांच्याकडे मोठी आहे, पार्किंगमध्ये उभी असते.

तर तुमच्या मुलीला हात बसवायचा असेल तर माझं ऐका. नव्या गाडीवर तिला बसवलंत तर ती गाडी शिकायची नाही, वडिलांचा चेहरा वाचायला शिकेल. शेजारी बसून ते दर वळणावर हाताने डॅशबोर्ड धरणार, ती घाबरणार, आणि घाबरून कुणाचा क्लच सुटला आहे कधी? तिला एखादी जुनी 800 घेऊन द्या, किंवा तसलीच छोटी, गल्लीत दुरुस्त होणारी. पहिल्या महिन्यात चार ठिकाणी घासेल. घासू दे.

बघायला जाल तेव्हा संध्याकाळी जाऊ नका, उजेडात जा. रंगाला भुलू नका, गंज बघा. पायाखालचं मॅटिंग उचला, डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखाली बोट फिरवा, दारांच्या खालच्या कडा चाचपून बघा. इंजिन दुरुस्त होतं, सडलेला पत्रा होत नाही. सकाळी गाडी थंड असताना मालकाला चालू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर समजून घ्या. आरसीवर मुदत कधीपर्यंत आहे ते वाचा, बँकेचं कर्ज उतरल्याची नोंद आहे का बघा, जुनी चलनं थकलीत का तेही ऑनलाइन दिसतं. आणि गाडी तिच्या नावावर लगेच करून घ्या, नाहीतर दंड जुन्या मालकाला आणि भांडण तुम्हाला. फॉर्म 29 आणि 30 वर त्याच्या सह्या झाल्याशिवाय पैशाचं पाकीट पर्समधून बाहेर काढू नका.