लागलं तर लागलं म्हणा

"काकू, काल सोसायटीच्या संमेलनात सेक्रेटरी तडक उठून गेले म्हणे?"

"गेले कुठं? स्टेजवर चढले! पोरांनी पाण्याच्या टाकीच्या कुलपावरून त्यांची नक्कल केली ना. म्हणाले, बंद करा. झालं, पडदा पाडला. धर, कढीपत्ता घे."

"पण लागलं असेल हो. मुलगी समोर बसलेली."

"लागलं तर माईक घ्यावा, 'मला लागलं' म्हणावं. मीच टाळ्या वाजवल्या असत्या. बाकीच्यांचं नाटक का बंद करायचं?"

"असं कसं? बाजीराव-मस्तानी सिनेमात काशीबाईंना नाचवलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मी नाहीच बघितला तो."

"बरं केलंस. आणि लेक बघून आली, तिला?"

"तिला आठवडाभर ऐकवलं!"

"तेच म्हणते मी. बंदीनं होतं काय? तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकातला लुगड्यावरचा लाल डाग सेन्सॉरला चालेना. डॉ. श्रीराम लागूंनी तो निळा केला आणि प्रयोगाआधी सांगायला लागले, निळा दिसेल तो लाल समजा!"

"म्हणजे सगळ्यांची नजर डागावरच."

"तर! आमच्या सासूबाईंचं सांगते. सदाशिव पेठेत वाढलेल्या. १९७२ च्या डिसेंबरात तेंडुलकरांचंच 'घाशीराम कोतवाल' आलं, भरत नाट्य मंदिरात. सासऱ्यांनी हौसेनं तिकिटं काढली. तिथं नाना फडणवीस बायकांमागे लाळ गाळतोय, आणि धोतरं नेसलेल्या ब्राह्मणांची रांगच्या रांग भिंत होऊन झुलतेय. बाई मध्यंतरात उठल्या. घरी येऊन सासऱ्यांची पूजा बांधली, मग माझी. मी काय केलं होतं देव जाणे. दुसऱ्या दिवशी तेंडुलकरांना पत्र. चार पानी!"

"बाई गं! उत्तर आलं?"

"उत्तर कोणाला हवं होतं? लिहून मोकळ्या झाल्या, जेवल्या. पण ओरड गावभर चाललेली, नानांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी. एकोणीस प्रयोग झाले आणि पीडीए संस्थेनं स्वतःच नाटक थांबवलं. म्हणजे ज्यांनी बसवलं त्यांनीच! आम्हाला वाटलं, आता सासूबाई पेढे वाटणार. तर तोंड एवढंसं. म्हणाल्या, 'आता मी भांडू कोणाशी?'"

"काहीतरीच!"

"खोटं नाही सांगत. पत्र लिहिणं त्यांचा हक्क, त्यांना पक्कं ठाऊक होतं. दार लावून घेणं त्यांच्या हिशेबात नव्हतं. नाटकातल्या मुलांनी मग थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि १९७४ ला नाटक पुन्हा उभं केलं. सासूबाईंना कळल्याबरोबर म्हणाल्या, तिकीट काढा."

"परत? कशाला?"

"'मागच्या खेपेला अर्ध्यातून उठले. पुरतं बघितल्याशिवाय शिव्या कशा द्यायच्या?' बसल्या की शेवटपर्यंत, पदर खोचून."

"आणि आवडलं?"

"छे! ह्या वेळी पाच पानी."