शिपायाचा सातबारा

(रंगमंचावर झोपाळा. शेजारी तिवईवर कॅमेरा, त्यावर उन्हासाठी टाकलेला ओला पंचा. नट येतो, प्रेक्षकांना ओठांवर बोट ठेवून गप्प करतो, वाकून कॅमेऱ्यात बघतो. बराच वेळ.)

हलला!

(मान वर काढतो.) पान हललं.

महिनाभर माझं हेच चाललं होतं. एकूण फोटो 2,316. त्यातले 1,800 जास्वंदीच्या पानांचे. 400 मध्ये शेपटी आहे. शंभरेक फोटोंत पक्षी आहे, पण त्याने मान फिरवलेली आहे. लग्नात आमच्या मामेसासऱ्यांचे असेच फोटो आलेत.

झालं काय, नाचण्याला आमच्या घरामागे चिऱ्याचा गडगा आहे. गडग्याला लागून जास्वंद. मुळं अप्पांच्या आवारात, फांद्या आमच्या आवारात. आणि त्या फांदीवर, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर, शिपाई बुलबुलाने घरटं बांधलं. वाटी एवढीशी, बोंडल्याच्या भांड्याएवढी. काड्या, मुळं, कोळ्याचं जाळं, आणि आमच्या केरसुणीचे तीन हीर.

मी कॅमेरा लावला. पहिला फोटो काढला. खटॅक्! आणि गडग्यापलीकडून आवाज.

(अप्पा. कंबरेवर हात, हनुवटी वर.) "काय रे बाळ्या, मोजणी आणलीस काय?"

अप्पा म्हणजे निवृत्त तलाठी. तलाठी निवृत्त होतो हे सरकारचं म्हणणं. माणूस कागद खाली ठेवत नाही. 1987 साली आमच्या वडिलांनी हा गडगा एक हात पलीकडे सरकवला, असं अप्पांचं म्हणणं आहे. सरकवला नव्हता. (थांबून, खालच्या आवाजात.) वीतभर. फार तर.

म्हटलं, "अप्पा, मोजणी नाही. पक्षी आहे. शिपाई बुलबुल."

(अप्पा) "शिपाई? कुठल्या कचेरीतला?"

"अहो, नाव आहे त्याचं. डोक्यावर काळा तुरा असतो ना, टोपीसारखा."

(अप्पा) "म्हणजे वर्ग चार. सरकारी माणूस. लांब हो! आणि लिहून घे!"

हे "लिहून घे" तुम्ही आता अर्धा तास ऐकणार आहात. मी पंचेचाळीस वर्षं ऐकतोय.

(अप्पा) "लिहून घे! वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. कलम दोन, पोटकलम सोळा. शिकारीची व्याख्या. पाखराचं अंडं फोडलंस तर शिकार, घरट्याला त्रास दिलास तरी शिकार. बंदूक नको की गोळी नको. तू आत्ता वाकलास ना, तो अर्धा शिकारी."

मी घरी येऊन बघितलं. खरंय. कलम दोन, पोटकलम सोळा. म्हातारा खोटं बोलत नाही, हाच त्याच्याशी भांडायला मोठा त्रास.

तर पहिलं अंडं आलं एक एप्रिलला. गुलाबीसर, त्यावर तांबूस शिंतोडे. मी उत्साहाने सांगायला गेलो, तर अप्पांनी कॅलेंडरकडे बघितलं आणि झोपाळा थांबवला.

(अप्पा, घाबरून.) "एक एप्रिल? कृषक दिन? मेलो! बाळ्या, 1957 साली याच तारखेला आमची साडेतीन एकर गेली. एक एप्रिलला जो जागेवर सापडला तो मालक. उठव तिला!"

"अहो, पक्षीण आहे!"

(अप्पा) "कूळ पण गरीबच होतं रे!"

(हशा ओसरू द्यावा.)

दुसऱ्या दिवशी दुसरं अंडं, तिसऱ्या दिवशी तिसरं. शनिवारी सकाळी अप्पा आले ते काखेत वही, कानाला पेन आणि पंच म्हणून नारळ पाडायला आलेला माणूस. म्हणाले, हद्दीचा प्रश्न आहे, पंचनामा होऊन जाऊ दे.

(चष्मा लावतो. वही हातभर लांब धरतो. सरकारी सुरात.)

"पंचनामा. आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, मौजे नाचणे येथील वादग्रस्त गडग्यावर, तो कुणी सरकवला हे सर्वांस माहीत आहे, एक वाटीवजा कच्चे बांधकाम आढळून आले. बांधकाम विनापरवाना. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस जास्वंदीचे पान. पश्चिमेस जास्वंदीचे पान. दक्षिणेस सदर इसमाचा कॅमेरा. उत्तरेस मांजर. क्षेत्र चार बोटे. पोटखराबा नाही. आकार माफ. भोगवटादार दोन. पैकी नवरा कोण व बायको कोण हे दिसण्यावरून सांगता येत नाही, सबब दोघांची नावे सामायिकात लावली. सदर भोगवटादारांस विचारले असता त्यांनी पंचांच्या डोक्यावर..."

(वही मिटतो. डोक्यावरून हात फिरवतो. हात बघतो.)

"...जबाब दिला. पंच क्रमांक दोन यांनी तो पुसून घेतला."

तो नारळवाला अजून विचारतो, दादा, पुढची तारीख कधी?

आता तुम्ही म्हणाल, पाखराच्या घरट्यात इतकं काय बघायचं? अहो, सालीम अली 1930 साली आपल्या किहीमला राहून काय बघत होते? सुगरणीची घरटी. आणि शोध काय लावला? सुगरण घर बांधतच नाही! नर बांधतो. तेही अर्धं. मग मादी येते, आत शिरून बघते, खेचून-ताणून बघते, पसंत पडलं तर राहते. तिने होकार दिला की हा उरलेलं पुरं करतो आणि लगेच पुढचं घरटं बांधायला घेतो. दुसरीसाठी! शाळेच्या पुस्तकापासून आपण बाईचं कौतुक करतोय, आणि खोपा बांधतोय बुवा. हे मी अप्पांना सांगितलं.

(अप्पा) "अर्ध्या बांधकामावर ताबा देतो? मग तो सुगरण नव्हे, बिल्डर!"

बारा-तेरा दिवसांनी पिल्लं निघाली. तीन. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, आणि चोच केवढी? सगळं पिल्लू म्हणजे चोचच. आईबाप आळ्या आणतात, भरवतात, आणि पिल्लाने मागच्या बाजूने काढलेली पांढरी पुडी उचलून लांब टाकून येतात. घंटागाडीची वाट बघत नाहीत. मी बायकोला म्हटलं, बघ, बाप पण करतो. ती म्हणाली, तू बघतोयस ना नीट? मग बघ.

पूर्वी पक्ष्यांचे फोटो घरट्यावरच काढायचे. लेन्स आखूड, फिल्म मंद, पक्षी हमखास परत येणार अशी जागा तेवढीच. आता लेन्सा हातभर लांब झाल्या आणि जाणती माणसं सांगतात, घरट्यापासून दूर राहा. बऱ्याच स्पर्धांत घरट्यावरचा फोटो घेतही नाहीत. हे मला माहीत होतं. तरी मला एक फोटो हवा होता. तीन चोची, वर आई, मध्ये एकही पान नाही.

मध्ये दोन पानं होती. मी ती सुतळीने बाजूला बांधली. तोडली नाहीत हां. बांधली. दोनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावर भारद्वाज. तांबडे पंख, लाल डोळा, ऐटीत चालतोय. सासूबाई पडवीतून म्हणाल्या, "भारद्वाज दिसला, आज शुभ होणार!" मी पण हात जोडले. जोडले आणि मग कॅमेऱ्याला डोळा लावला, म्हटलं हाही मिळाला. बटण दाबून ठेवलं.

तो उडाला नाही. चालत गेला. जिथे दोन पानं नव्हती तिथून आत गेला.

शुभ झालं. त्याचं.

(थांबतो. कॅमेऱ्यावरचा पंचा सारखा करतो.)

ते चौदा फोटो आहेत. 2,316 मध्ये धरलेले नाहीत.

आईबाप किती ओरडले. मी ओरडलो, तो गेला, पण एक घेऊन गेला. दोन उरली. मी तिथेच उभा. अप्पा गडग्यापाशी आले. मला वाटलं, आता कलम, पोटकलम, शिकारी, बापासारखाच निघालास, सगळं होणार. काही बोलले नाहीत. पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला, हात लांब केला आणि सुतळी कातरली. पानं जागच्या जागी आली. मग वही उघडली.

(अप्पा, हळू.) "लिहून घे. मयत, एक. कारण..."

पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

"...कारण नैसर्गिक."

ज्या माणसाने माझ्या बापाला एक हात जमीन सोडली नाही, त्याने ते लिहिलं. खोटं. वहीत.

(बराच वेळ शांतता. मग एकदम.)

(अप्पा) "गडग्याचं मी विसरलेलो नाही हां!"

(झोपाळ्यावर बसतो, एक झोका घेतो.)

आता तुम्हाला वाटत असेल, हा पुढे म्हणणार, पिल्लं उडाली, घरटं रिकामं झालं, आमची मुलंही अशीच अमेरिकेला गेली. नाही. आमचा मुलगा पुण्यात आहे. दर शनिवारी उडून घरट्यातच येतो. चोच उघडून.

उरलेली दोन पिल्लं एप्रिलअखेर उडाली. उडाली म्हणजे काय, एक गडग्यावर पडलं, दुसरं अप्पांच्या बादलीत. शेपटी नाही, गालावर लाल ठिपका नाही, शिपायाची टोपी तेवढी अर्धी. अप्पा बादलीपाशी दोन तास काठी घेऊन उभे. मांजरासाठी. मी सात पावलं लांबून, पडवीतून, एक फोटो काढला. अप्पांची काठी, काठीवर पिल्लू, आणि अप्पा श्वास धरून उभे.

तो फोटो मी आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता ऐका. माझा एक चुलतभाऊ आहे, बोरिवलीला. गणपतीला येतो, मेमध्ये येतो, फणस नेतो, आंबे नेतो. वाटणीच्या कागदावर सही करत नाही. गडग्याच्या दुरुस्तीला रुपया दिला नाही. त्याने तो फोटो उचलला आणि फेसबुकवर टाकला. "आमच्या बागेतले बुलबुल. छायाचित्र: मी." 212 लाईक! खाली कुणीतरी लिहिलंय, दादा, किती संयम लागला असेल!

मी थरथरत गडग्यापाशी गेलो. अप्पांना दाखवलं. अप्पांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला, आधी स्वतःला बघितलं, मग काठी बघितली. मग मोबाईल मागितला आणि एका बोटाने, अर्धा तास, टाईप केलं.

(मोबाईल समोर धरतो. वाचतो.)

"सदर पक्षी सामायिक. सदर काठी माझी. सदर इसम घटनास्थळी कधीच हजर नव्हता. फेरफारावर हरकत नोंदवली आहे. सहीस हजर राहावे, येताना गडग्याचे पैसे आणावेत."

(प्रकाश जातो. अंधारात कॅमेऱ्याचा आवाज: खटॅक्.)

(अप्पांचा आवाज) "कोण रे तो? मोजणी आणलीस काय?"