कमी फिरलेली डिझेल

आमच्या पश्चिम उपनगरांतले डॉक्टर गाडी चालवतात तरी कधी, हे कोडंच आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत विकायला निघालेली प्रत्येक दुसरी डिझेल गाडी ‘सिंगल हँड, डॉक्टर यूज्ड, ओन्ली वीकेंड’ असते. उरलेल्या निवृत्त बँक मॅनेजरांच्या.

“साहेब, आठ वर्षांत बत्तीस हजार. फिरलीच नाही!” दलाल हे गाडीने सोळा सोमवार केल्याच्या थाटात सांगतो आणि गिऱ्हाईक विरघळतं. आता जरा डोकं लावा. आकडा खोटा असेल तर मीटर मागे फिरवलंय. खरा असेल तर आणखी वाईट! डिझेल इंजिनाला सलग धाव लागते. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर एवढ्यावर ठेवलं की धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी धरते. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत डीपीएफही आलं, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती तापून साफ व्हायला पंधरा-वीस मिनिटं मोकळा रस्ता आणि बरा वेग हवा. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ही सोय रात्री दोन ते चार उपलब्ध आहे. मुलुंडकर त्या मानाने नशीबवान. नाक्यावरचा टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर 2024 पासून माफ आहे, जाळी साफ करायला थेट नाशिक गाठावं.

आकड्याची शहानिशा सोपी आहे. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का बघा, सर्व्हिसची बिलं मागा, आणि नंबर टाकून ई-चलन तपासा. वीकेंडवाल्या गाडीला मंगळवारी दुपारी खोपोलीजवळ ओव्हरस्पीडचा दंड झालेला असतो. पेशंट सीरियस असणार.

बघायला जाल तेव्हा गाडी धुऊन, सुरू करून, गरम करून ठेवलेली असते. या आदरातिथ्याला बळी पडू नका. बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी जा. डिझेलचे आजार थंड इंजिनच बोलून दाखवतं. सुरू झाल्यावर निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही, तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्या. रेस केल्यावर काळे लोट आले तर इंजेक्टर, टर्बो, काहीही. मग इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. ते थुईथुई नाचू लागलं, भसाभसा वाफा आल्या, तर इंजिन खोलायला आलंय. दलाल म्हणेल, “डिझेल आहे साहेब, एवढं चालतंच.” चालतं, त्याच्या खिशातून जात नाही म्हणून.

पुढचा मान अंधेरी सबवेचा. तिथे दर पावसाळ्यात पाणी भरतं, आणि त्यात बुडालेल्या गाड्या दिवाळीपर्यंत सुगंधी होऊन बाजारात येतात. डॅशबोर्डवर मोगऱ्याचा वास जरा जास्तच दरवळला, तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. पॉलिश करणारा पोरगा तिथवर पोचत नाही. पट्ट्याच्या टोकाला चिखलाची रेघ तशीच असते. मॅटखाली आणि सीटच्या रुळांवर गंज बघा.

कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवलाय ना, तेही बघा. आपण मात्र नंबरची बेरीज नऊ येते का, हे आधी बघतो.

सगळ्यात स्वस्त माल दिल्लीचा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दुजोरा दिला आणि त्या गाड्या एनओसी घेऊन दक्षिणेकडे निघाल्या. एनओसी खरी का ते बघा, इथला रोड टॅक्स किमतीत धरा, मग स्वस्ताई मोजा. उद्या मुंबईतही बंदी आली तर? जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का, हे पाहायला समिती नेमली आणि तीन महिन्यांत अहवाल मागवला. समिती नेमल्याचं कळल्यापासून दलाल अगदी निर्धास्त आहेत.